सीमाभागात लंगर लावायचा तर: पाचशे ताटांचा हिशेब

लंगराच्या, म्हणजे शिखांच्या सामुदायिक जेवणाच्या, देगेत (मोठ्या भांड्यात) मीठ चाखून घालत नाहीत. अरदास, म्हणजे प्रार्थना, होईपर्यंत अन्नाची चव कुणी घ्यायची नाही, ही रीत; आपल्याकडे नैवेद्याआधी तोंडात काही टाकत नाहीत, तशीच. म्हणून यात्रेतल्या महाप्रसादात मुरलेला आचारीसुद्धा इथे पहिल्या दिवशी अडखळतो. त्याच्या हाताला जिभेची साथ लागते आणि इथे ती मिळत नाही. मग वजनकाटा हाच आचारी. पुढची सगळी मापं त्याचसाठी ग्रॅममध्ये दिली आहेत. ‘अंदाजे दोन मुठी’ हे माप पन्नास माणसांपर्यंत चालतं, पाचशेंना नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात शीख सेवादारांच्या बरोबरीनं काम करू पाहणाऱ्या तरुण मंडळांना आणि महिला गटांना धरून हे लिहिलं आहे. लंगर आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. गुरू नानकांच्या स्मृतीचा नानक झिरा गुरुद्वारा आपल्याच राज्यात, कर्नाटकात, बीदरला आहे, पंचप्यार्‍यांपैकी, म्हणजे खालसा पंथाच्या पहिल्या पाच शिष्यांपैकी, भाई साहिबसिंग बीदरचेच. नांदेडचा तख्त हजूरसाहेब मराठी मुलखात आहे, आणि नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहेबात आहेत. दुसरे गुरू अंगददेव यांच्या पत्नी माता खीवी यांनी लंगराची व्यवस्था सांभाळली. तिसरे गुरू अमरदास यांनी ‘आधी पंगत, मग संगत’ असा दंडक घातला: भेटायला कुणीही येवो, अगोदर सगळ्यांच्या रांगेत बसून जेवायचं. कामाच्या दृष्टीनं हा दंडक फार महत्त्वाचा. स्वयंपाकाची वेळ, देगांची संख्या, वाढप्यांची विभागणी, सगळं पंगतीवरून ठरतं.

कुणासाठी, किती वाजता

वेळ चुकली की चांगलं अन्नही उरतं. ऊसतोडीच्या टोळ्यांना दुपारी बाराला जेवण नेऊन उपयोग नाही. माणसं फडात असतात आणि खोपीवर म्हातारी माणसं नि लहान पोरं तेवढी. त्यांच्यासाठी संध्याकाळी सातनंतरची वेळ धरा. सरकारी दवाखान्याबाहेर थांबलेल्या नातेवाइकांना दुपारी साडेबारा ते दोन सोयीचं, कारण सकाळी डॉक्टरांच्या फेरीमुळे कुणी जागा सोडत नाही. यल्लम्मा किंवा चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत गर्दी दिवसभर असते, तिथे ठरलेल्या वेळेपेक्षा ठरलेली संख्या बरी: तीन देगा संपल्या की त्या दिवसाचा लंगर संपला, हे फलकावरच लिहून टाका.

पुरात लोकांना शाळेत किंवा मंगल कार्यालयात हलवतात. सरकारी भाषेत त्याला ‘काळजी केंद्र’ म्हणतात. शब्द कन्नड कागदावरचा असला तरी मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तिथे पहिलं जेवण सूर्यास्ताच्या आत झालं पाहिजे, त्याचं कारण पुढे येतं.

काय शिजवायचं

पंजाबात लंगर म्हणजे प्रशादा, म्हणजे पोळी, आणि डाळ. इथे पोळीचा हट्ट धरू नये. पाचशे माणसांना तीन-तीन म्हटलं तर दीड हजार पोळ्या. एक किलो कणकेला साधारण ६०० मिली पाणी धरलं तर २७ पोळ्या होतात, म्हणजे सुमारे ५६ किलो कणीक. सराव नसलेला माणूस तासाला साठेक पोळ्या लाटतो. दहा जण लाटायला बसले तरी अडीच तास, शिवाय भाजणारे आणि तूप लावणारे वेगळे. पंधराच्या खाली लाटणारे असतील तर पोळी सोडा.

त्याऐवजी गावोगावच्या भाकऱ्या घ्या. या भागात पूर आला की घराघरातून भाकरी गोळा करायची पद्धत जुनीच आहे. निरोप देताना एवढंच सांगायचं: जोंधळ्याची, पातळ, पूर्ण गार झालेली, सुती फडक्यात बांधलेली. गरम भाकऱ्यांची चवड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली की वाफेनं ओली होते आणि दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. खडक भाकरी मात्र आठवडाभर सहज टिकते, नावेतून पाठवायला तिच्यासारखं काही नाही. घरून शिजवून आणलेलं दुसरं काही, विशेषतः कालवण, भात, खीर, घेऊ नका. नम्रपणे नाही म्हणायचं आणि त्याच माणसाला पुढच्या वेळी कोरडा शिधा आणायला सांगायचं.

लंगर कायम शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. कांदा-लसूण लंगराला चालतो. पण निपाणी, चिकोडी, अथणी भागात जैन वस्ती मोठी आहे. तिथे कांदा, लसूण, बटाटा, गाजर नको, पावसाळ्यात चातुर्मासामुळे पालेभाजी नको, आणि सूर्यास्तानंतर जेवण नको. यासाठी वेगळी देग लावणं म्हणजे वेगळी पंगत लावल्यासारखं दिसतं. सोपा उपाय असा की सगळ्यांचंच अन्न तसं करायचं. हिंग-जिऱ्याची फोडणी आणि दुधी किंवा लाल भोपळा घातलेली मुगाची खिचडी लिंगायत, जैन, मराठा, मुसलमान, कुणालाच वर्ज्य नाही. कोथिंबीर वेगळी ठेवा, हवी त्याला मिळेल. तिखटही बेतानं, कारण लहान मुलं आणि आजारी माणसं त्याच ताटात जेवतात. ज्याला खर्डा लागतो त्याला तो पानात डावीकडे वाढता येतो.

एका देगेचं माप

पाचशेंसाठी एकच अजस्र देग लावू नका. १५० लिटरच्या तीन घ्या, प्रत्येकीत १७० माणसांचं. देग दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरली की ढवळताना उतू जाते आणि खालचा थर हलत नाही.

तांदूळ १२.५ किलो. सोना मसुरी किंवा खानापूरकडचा जाड तांदूळ चालेल. बासमतीचे पैसे वाया घालवू नका, खिचडीत तिचा वास राहत नाही.
मुगाची डाळ ६ किलो, अर्धा तास भिजवलेली.
दुधी किंवा भोपळा ५ किलो, मोठ्या फोडी.
पाणी ७५ लिटर, वेगळ्या भांड्यात उकळलेलं.
तेल १.७ लिटर. मोहरी ७५ ग्रॅम, जिरं १०० ग्रॅम, हिंग २० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, तिखट १०० ग्रॅम.
मीठ ८५० ग्रॅम.

यातून साधारण ९४ किलो खिचडी उतरते, माणशी साडेपाचशे ग्रॅम. दिवसभर राबलेल्या माणसाला हे पोटभर होतं. दवाखान्याबाहेर चारशे ग्रॅमही पुरतं, तिथे तीच देग सव्वादोनशेंना जाते.

मिठाचं माप तयार अन्नाच्या वजनाच्या सुमारे ०.९ टक्के आहे. ते आदल्या दिवशीच तीन पिशव्यांत वजन करून बांधा आणि पिशवीवर देगेचा आकडा लिहा. घाईत दोन वेगवेगळ्या सेवादारांनी एकाच देगेत मीठ घालणं, हा सगळ्यात नेहमीचा घोटाळा. रिकामी पिशवी देगेच्या कडीला बांधून ठेवली की दुसऱ्याचा हात आपोआप थांबतो. अरदासीनंतर मीठ कमी निघालंच तर कोरडं मीठ वरून टाकू नये. लिटरभर उकळत्या पाण्यात विरघळवून ओतायचं आणि तळापासून वर ढवळायचं.

शिजवताना

तेल तापलं की मोहरी, जिरं, हिंग, हळद. मग निथळलेली डाळ आणि तांदूळ चार-पाच मिनिटं परता. त्यावर उकळतं पाणी. गार पाणी ओतलं तर एवढ्या मोठ्या भांड्याला पुन्हा उकळी यायला अर्धा तास जातो, तोवर खालचा तांदूळ गाळ होतो आणि वरचा कच्चा राहतो. उकळी आली की मीठ, तिखट, फोडी. आच मध्यम. लांब दांड्याच्या लाकडी उलथण्यानं तळ धरून ढवळा, पण मधल्या मध्ये गोल फिरवू नका. कडेकडेनं वर ओढायचं.

दाणा नव्वद टक्के शिजला, मध्ये बारीक कणी राहिली, की आच बंद. शंभर किलोच्या ऐवजात एवढी उष्णता असते की उरलेलं शिजणं पंधरा मिनिटांत झाकणाखाली होतं. पूर्ण शिजल्यावर बंद केली तर पंगत बसेपर्यंत लापशी होते.

तळाला लागलीच, तर वास येताक्षणी ढवळणं थांबवा. खरवडलं की करपट वास सगळ्या देगेत पसरतो आणि मग उपाय नाही. आच बंद करून वरची खिचडी दुसऱ्या पातेल्यात काढून घ्या, तळची चार बोटं तशीच सोडा. पाच-सात किलो जातात, नव्वद वाचतात.

डाळ-भात करायचा असेल तर माणशी ४५ ग्रॅम तूरडाळ आणि १०० ग्रॅम तांदूळ धरा. तूरडाळीत दोन खोड्या असतात. जुनी डाळ कितीही शिजवा, टचटचीत राहते. म्हणून बेळगावच्या रविवार पेठेतून पोती उचलण्याआधी शंभर ग्रॅम घरी शिजवून बघा. दुसरी खोड पाण्याची. बोअरचं जड पाणी असेल तर डाळ मऊ पडत नाही. आणि टोमॅटो, चिंच, आमसूल डाळ पूर्ण घोटल्यावरच. आंबट आधी पडलं की शिजणं थांबतं.

गॅस

व्यावसायिक १९ किलोचा सिलिंडर घ्यायचा, घरचा १४.२ किलोचा इथे वापरायचा नाही. हिशेबानं तीन देगांना एकच सिलिंडर पुरेल असं वाटतं, पण एकावर तीन मोठ्या शेगड्या जोडल्या की टाकी गार पडते, बाहेरून दव धरतं आणि ज्योत बसते. पावसाळ्यात तर हमखास. मग कुणीतरी टाकीखाली पेटता बोळा धरायला निघतो. असं मुळीच होऊ देऊ नका. शेगडीला एक सिलिंडर, उभा ठेवलेला, आचेपासून दूर, आणि रेग्युलेटरला हात लावणारा माणूस एकच. गळती वाटली तर १९०६ या क्रमांकावर फोन. चुलाणावर करणार असाल तर सरपण आठवडाआधी आडोशाला न्या. ओल्या लाकडाच्या धुराचा वास खिचडीला लागतो.

पंगतीवरून स्वयंपाकाची वेळ

आता पंगतीचं गणित. १२० माणसांची पंगत धरा: तीस-तीसच्या चार रांगा. माणशी दोन फूट म्हणजे रांग साठ फुटांची. दोन रांगा समोरासमोर, मध्ये वाढप्यासाठी किमान चार फूट वाट. तरटाच्या किंवा सतरंजीच्या पट्ट्या. बसणं, वाढणं, जेवणं, झाडणं मिळून एका पंगतीला अर्धा तास लागतो. पाचशे माणसं म्हणजे चार पंगती आणि थोडी माणसं, सव्वादोन तास.

एक देग साधारण दीड पंगत चालते, म्हणजे चाळीस मिनिटं. म्हणून तिन्ही देगा एकदम चढवू नका. पंगत साडेबाराला असेल तर पहिली अकरा दहाला, दुसरी अकरा पन्नासला, तिसरी साडेबाराला. पहिली देग उतरली की वीस मिनिटांत अरदास: थोडं अन्न बाजूला काढून त्यावर अरदास होते, कृपाणीचा स्पर्श होतो, आणि तो वाटा देगेत परत मिसळला जातो. हे सेवादारांचं काम, त्यात मध्येच फोटोसाठी घुसू नये. नंतरच्या देगा उतरल्या की त्यांचं काय करायचं ते त्यांनाच आधी विचारून ठेवा. पाळीपाळीनं शिजवल्याचा दुसरा फायदा म्हणजे माणसं कमी आली तर तिसरी देग चढवायचीच नाही. कोरडा शिधा उद्या कामाला येतो, शिजलेला येत नाही.

खिचडी ठेवल्यावर घट्ट होते. वाढण्याआधी प्रत्येक देगेत तीन-चार लिटर उकळतं पाणी घालून सैल करा, गार पाणी कधीच नाही. वाट पाहत असलेल्या देगेला बाहेरून पोती किंवा जुन्या गोधड्या गुंडाळा. अन्न ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे. स्वयंपाकघरातला साधा खुपसायचा थर्मामीटर घ्या. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. उतरल्यापासून चार तासांनी उरलेली खिचडी माणसाला वाढायची नाही, मग कितीही चांगली दिसो.

एका पंगतीला बारा वाढपी: ताटं दोन, खिचडी चार, भाकरी एक, खर्डा-लोणचं एक, पाणी दोन, ताटं उचलायला दोन. दहा लिटरची बादली सात लिटरच भरा. काठोकाठ भरलेली बादली घेऊन वाकलं की पहिलं पोळणं बसलेल्या माणसाच्या गुडघ्याला होतं. खिचडी ओगराळ्यानं, ताटापासून वितीवरून. उंचावरून टाकणं अपमानाचं वाटतं आणि अंगावरही उडतं. भाकरी फेकायची नाही, घेणाऱ्याच्या ओंजळीत द्यायची. पहिल्यांदा थोडं वाढा, दुसऱ्यांदा विचारत फिरा. ‘अजून घ्या काका, आज्जी, घालू का थोडी?’ आणि पुढच्या पानाला कन्नडमध्ये ‘इन्नू बेकेन्री?’ (अजून हवं का?) ‘साक्री’ (पुरे) ऐकलं की हात थांबवायचा. दोन्ही भाषा येणारा एक तरी माणूस प्रत्येक रांगेत असू द्या. फलकही दोन्ही लिप्यांत, सारख्या मापाच्या अक्षरांत. सीमावादाची चर्चा ज्याला करायची त्यानं चहाच्या टपरीवर करावी.

पंगतीत बसणाऱ्याचं नाव, गाव, आधार विचारायचं नाही. डोकं झाकायला रुमालांची टोपली आणि चपलांसाठी जागा दारात ठेवा. तंबाखू, दारू आवारात नको, वाढप्याच्या खिशातसुद्धा. गुडघे न वाकणाऱ्यांसाठी रांगेच्या टोकाला बाक टाका. टोकाला, वेगळ्या खोलीत नव्हे. तहसीलदार आले, आमदार आले, तर तेही रांगेत बसतील. देणगीदाराच्या नावाचा फ्लेक्स पंगतीच्या मागे लावला की जेवणारा मान खाली घालून जेवतो, म्हणून तो लावू नये.

पाणी

पाचशे जणांना एकूण ३,००० लिटर: स्वयंपाकाला ३००, प्यायला ५००, हात धुवायला ७५०, बाकी ताटं धुवायला. पुरात विहीर आणि हातपंप दोन्ही संशयास्पद धरा. प्यायचं पाणी उकळून घ्या. टँकरच्या नितळ पाण्याला दर १,००० लिटरमागे साधारण २.५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, अर्धा तास थांबून मग वापरायचं. गढूळ पाण्यात हे माप चालत नाही; आधी तुरटी फिरवून गाळ बसवा. जुनी, उघडी राहिलेली पावडर निर्जीव असते, वास नसेल तर फेकून द्या. हात धुवायचे नळ पंगतीच्या आधी लागले पाहिजेत. बाहेर पडतानाच्या वाटेवर ठेवले तर जेवणाआधी कुणी तिकडे फिरकत नाही.

पुरातला लंगर

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांचं पाणी इथल्या पावसावर कमी आणि वरच्या धरणांच्या विसर्गावर जास्त चढतं. बेळगावात ऊन असताना चिकोडी तालुक्यात पाणी वाढू शकतं. म्हणून लंगराची जागा ठरवताना २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं ते गावात विचारा, भिंतींवर खुणा असतात, आणि त्याच्या वर जागा घ्या. कल्लोळ-यडूर, जत्राट-भिवशी यांसारखे बुटके बंधारे-पूल सगळ्यात आधी बुडतात. नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला जेवण नेण्याचा बेत करू नका, दोन्ही काठांवर छोटी चूल लावा. यमगर्णीजवळ महामार्गावर वेदगंगेचं पाणी आलं की कोल्हापूरकडून येणारा माल अडकतो, तेव्हा तीन दिवसांचा शिधा आणि गॅस अलीकडे हवा.

गाडीनं पोचवायचं तर झाकण घट्ट बसणाऱ्या, उष्णता धरून ठेवणाऱ्या डब्यांतून, काठोकाठ भरून. अर्धा रिकामा डबा लवकर निवतो. गरम खिचडी पिशव्यांत बांधून पाठवू नका, दोन तासांत आंबते. नावेतल्या माणसांसाठी खडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि पाण्याची बाटली.

परवानगीचं थोडक्यात: काळजी केंद्रात तहसीलदारांना, गावात पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना), दवाखान्यात अधीक्षकांना आदल्या दिवशी लेखी कळवा. नेहमी चालवणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करा, धार्मिक-सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारेही तिच्यात येतात. जुलाब, ताप, हाताला चिघळलेली जखम असलेल्या माणसाला त्या दिवशी चपला सांभाळायची सेवा द्या. लंगरात ती हलकी समजत नाहीत.

भांडी

कप्प्यांची स्टीलची ताटं भाड्यानं मिळाली तर पत्रावळीपेक्षा बरी. पंगतीइतकी दोनदा, म्हणजे २४० पुरतात; एक संच जेवतो, दुसरा धुतला जातो. चार घंगाळी ओळीनं: पहिल्यात खरकटं झाडायचं, दुसऱ्यात साबण आणि गरम पाणी, तिसऱ्यात साधं, चौथ्यात कडकडीत. तिसऱ्यातलं पाणी दर शंभर ताटांनी बदला. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर त्याआधीच. ताटं फडक्यानं पुसू नका, उभी करून निथळू द्या. ओलं फडकं सगळ्या ताटांना एकाच रोगाची ओळख करून देतं. पाणी नसेल तर सुपारीच्या पानांची ताटं, मेण लावलेली कागदी नकोत. खरकटं जनावरांना द्यायचं असेल तर आधी त्यातून प्लॅस्टिकचे तुकडे वेचायला एक माणूस बसवा.

देगांचा तळ त्याच दिवशी. भाड्याच्या दुकानात परत करायच्या आधी त्यात राख आणि पाणी घालून तासभर ठेवा, करपलेला थर नारळाच्या काथ्यानं निघतो. मग उन्हात उलट्या घाला, आणि कड्या, झाकणं, ओगराळी मोजून पोत्यात भरा. ओगराळी नेहमी दोन कमी निघतात. खरकट्याच्या घंगाळ्यात आधी बघा.